सुलभाताईंनी सोडलेला चहा

"मेडिकलची मुदत संपली," मकरंद लॅपटॉप मिटत म्हणाला. "फाइल जिथल्या तिथे. आता पुन्हा तपासण्या, पुन्हा पोलिस व्हेरिफिकेशन."

नोकऱ्या सांभाळून, इंग्रजीच्या परीक्षा देऊन, एकेक गुण जमवून त्यानं आणि त्याच्या बायकोनं, यशश्रीनं, कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, त्याला वर्षं लोटली. पोर्टल उघडलं की रोज तेच वाक्य समोर येई: प्रक्रिया सुरू आहे.

मकरंदची आई, सुलभाताई, स्वयंपाकघरातून डोकावल्या. "पुन्हा करू. त्यात काय एवढं?" म्हणाल्या आणि कढईत रवा टाकला. वाईट बातमी आली की त्या शिरा करत. तोंड गोड झालं की मन सावरतं, असं त्यांचं म्हणणं. मकरंदनं दोनदा मागून खाल्ला.

खरी कसोटी आपली नाही, आईंची चालली आहे, असं यशश्रीला वाटे. सासरे सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बेंगळुरूला आले, तेव्हापासून सुलभाताई जयनगरच्या या घरात; ते वारल्यावरही इथेच. सगळं शहर फिल्टर कॉफीवर जगत असताना या बाईनं चहाशी इमान राखलं होतं. सकाळी दोन कप, दुपारी एक, आणि कुणी आलं की त्याच्या नावावर आणखी एक. पाहुणा नको म्हणाला तरी आधण चढायचंच.

अशा बाईनं चहा सोडला. अर्ज भरल्याचं मकरंदनं सांगितलं, त्याच संध्याकाळी त्या गणपतीच्या देवळात जाऊन आल्या. "नवस बोललेय," एवढंच म्हणाल्या. "फळेपर्यंत चहा नाही." नवस काय बोललात हे कुणी विचारत नाही, आणि इथे विचारायचं तरी काय होतं?

सुरुवातीला डोकं असं दुखलं की कपाळाला पट्टी बांधून बसल्या. पण घोटभरसुद्धा घेतला नाही. माणूस किती खंबीर असू शकतं ते यशश्रीनं तेव्हा पाहिलं.

शेजारच्या कमलाअक्कांना राहवत नसे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठीत कन्नड मिसळून बोलणारं. "सुलभाअक्का, स्वल्प कॉफी तरी घ्या की. कॉफीचा कुठे नवस आहे?"

"ती पळवाट झाली," सुलभाताई हसून म्हणाल्या. "देवाला फसवून कसं चालेल?"

"सरी, बरं तर," अक्का म्हणाल्या, आणि मग भजनी मंडळात सगळ्यांना सांगत सुटल्या, आई असावी तर अशी. म्हातारपणी एकटं राहावं लागणार, तरी मुलाचं भलं व्हावं म्हणून जिवाला चिमटा घेते.

नुसता नवस बोलून त्या बसल्या नव्हत्या. चौकशीला पोलिस आला तेव्हा त्यांनीच त्याच्याशी अस्खलित कन्नडात बोलून काम सोपं केलं. तपासणीत रक्त घेताना छोट्या नातीला, स्मृतीला, मांडीवर घेऊन बसल्या. मकरंदच्या कॉलेजचा एक दाखला हरवला होता, तो ट्रंका उपसून त्यांनीच शोधला. कंटाळा म्हणून नाही, की कधी एक वाकडा शब्द नाही.

बाकी घर मात्र अडून राहिलं होतं. जायचंच आहे म्हणून नवा फ्रिज घेतला नाही. यशश्रीनं हैदराबादची बढती नाकारली. आपण कॅनडाला जाणार हे स्मृती बालवाडीत सांगून मोकळी झाली होती, आणि आता पहिलीतल्या मैत्रिणी तिला चिडवत होत्या.

दुसऱ्या मेडिकलनंतरही महिने गेले. एका रविवारी यशश्रीचा धीर सुटला. सुलभाताई मेथी निवडत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन ती बसली. "आई, पुरे झालं आता. अर्ज मागे घेतो. निदान तुमचा चहा तरी सुरू होईल."

सुलभाताईंचे हात थांबले. "मागे घेताय?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू होता की यशश्रीला भरून आलं. एवढी तपश्चर्या केलेल्या बाईला आपण हे काय ऐकवतोय? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नाही, आई. असंच बोलून गेले. तुमचा नवस वाया नाही जाऊ देणार."

सुलभाताईंनी मान हलवली आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली.

त्यानंतर पावसाळा सरला, दसरा झाला, आणि एका सकाळी मेल आली. मकरंद ऑफिससाठी सर्जापूर रोडला निघाला होता, तो बूट न काढता तसाच घरात धावत आला. पीआर मंजूर झालं होतं. यशश्री रडायला लागली, स्मृती सोफ्यावर नाचायला लागली. सुलभाताईंनी देवापुढे दिवा लावला. लेकाच्या तोंडावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "तुमच्या कष्टांचं चीज झालं." त्यांचेही डोळे भरले होते. त्या घरात तेव्हा कुणाचे भरले नव्हते?

मकरंद फोन लावत गॅलरीत गेला. यशश्रीनं डोळे पुसले आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. आलं ठेचलं, सुलभाताईंना आवडायचा तसा साखर कमी, पावडर जास्त, असा चहा उकळला. इतकी वर्षं ती या कपाची वाट पाहत होती. पीआरपेक्षाही जास्त, असं तिला त्या क्षणी वाटलं. कप त्यांच्या हातात देऊन ती पायाशी बसली.

"घ्या, आई. संध्याकाळी देवळात जाऊन नवस फेडून येऊ."

सुलभाताईंनी कपाचा वास घेतला. डोळे मिटून क्षणभर तशाच बसल्या. मग कप तिच्यापुढे सरकवला.

"तू पी."

"असं काय, आई? आता तर फळला ना नवस."

सुलभाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गॅलरीतून मकरंदचं हसणं ऐकू येत होतं.

"फळला असता तर घेतला असता ग."