पलीकडचं टोक

नदीला पूर आला आणि खालचा जुना पूल पाण्यात गेला. बाळंतकळा सुरू झालेल्या लेकीला, मनिषाला, व्यंकटीने बाजेवर घातलं आणि भावकीतल्या तिघांना घेऊन तो नव्या पुलावर चढला. पूल बांधून तीन वर्षं झाली होती. फक्त पलीकडचा भराव घालायचा राहिला होता, त्यामुळे त्या टोकाला पूल दोन पुरुष उंचीवर हवेतच संपत होता. खाली देगलूरहून आलेली अँब्युलन्स उभी होती.

"बाबा, आलाव का आपण?" मनिषाने विचारलं.

"आलो की माय. ही काय, गाडी दिसायली."

जवळच्या शेतातून शिडी येईस्तोवर तास गेला. "मामा, लवकर उतरवा तिला, लई उशीर व्हायलाय," ड्रायव्हर खालून सारखा सांगत होता. मनिषाने बापाचा हात घट्ट धरला होता. हळूहळू तिची बोटं सैल पडली.

शिडी लागली तसा ड्रायव्हरच वर आला. त्याने तिची नाडी पाहिली, पापणी उचलून पाहिली. मग व्यंकटीकडे न बघता तो बाकीच्यांना म्हणाला, "सावकाश उतरवा आता. घाई न्हाई."