बिनसाखरेचा चहा

वाळवंटातल्या गावी बदली झालेले पोस्टमास्तर बायकोला घेऊन त्या बाजूला पहिल्यांदाच निघाले होते. पण पहिल्याच स्टेशनवर चहावाल्याने खिडकीतून तिला विचारलं, "वहिनी, बिनसाखरेचाच ना?"

"हा कसा ओळखतो तुला?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

पुढच्या स्टेशनवर दुसरा चहावाला, तोच प्रश्न. सातव्या स्टेशनपर्यंत मास्तरांचा जळून कोळसा झाला. त्यांना कुणी साधं पाणीही विचारलं नव्हतं. आठवा चहावाला तर म्हणाला, "वहिनी, साहेब येताहेत तुम्हाला घ्यायला."

"कोण साहेब?" मास्तर ओरडले. चहावाल्याने वरही पाहिलं नाही.

शेवटच्या स्टेशनवर एका माणसाने हसत तिची बॅग उचलली. "दमलीस? आणि हे कोण?"

तिने मास्तरांना नीट निरखून पाहिलं.

"डब्यात समोर बसले होते. बिचारे सारखे माझ्याशीच बोलत होते."