सेवा अधिक चांगली करण्यासाठी

शाल्मलीने बनवलेलं श्रवणयंत्राचं ॲप ॲप स्टोअरकडून परत आलं. शेरा होता, ‘स्वप्नं वाचण्याच्या परवानगीचं कारण लिहिलेलं नाही.’

“आपण कुठे स्वप्नं वाचतो?” तिने इरफानला विचारलं.

“आपण नाही, आपण बाहेरून घेतलेली तयार कोडची लायब्ररी वाचते,” तिचा हा सहकारी म्हणाला. “लिही काहीतरी आणि मोकळी हो.”

तिने लिहिलं, ‘सेवा अधिक चांगली करण्यासाठी.’ ॲप मंजूर झालं. लेकीचंच ॲप म्हणून तिच्या बाबांनीही आपल्या श्रवणयंत्रासाठी ते घेताना परवानगीला डोळे झाकून होकार दिला.

महिन्याभराने चहा पिताना बाबा म्हणाले, “तुझी आई हल्ली स्वप्नात येत नाही गं. ती गेल्यापासून एक पहाट चुकली नव्हती.”

शाल्मलीने तिथल्या तिथे परवानगी काढून टाकली. तरीही आई आली नाही.

आठवड्याने एका अनोळखी बाईंचा तक्रारीचा फोन आला. “तुमचं यंत्र लावल्यापासून रोज एक बाई माझ्या स्वप्नात येते. दारात उभी राहून विचारते, शालूचे बाबा कुठे आहेत?”

शाल्मलीने कसाबसा घरचा पत्ता सांगितला. “आज आली, तर एवढा द्याल तिला?”