गोठ्यापर्यंत सोबत

खोडदच्या उसात बिबट्या शिरल्यापासून दिवस मावळला की सगळे दारं लावून घरात बसत. त्या संध्याकाळी गोठ्यातलं वासरू हंबरायला लागलं, तशी साळुबाई नवऱ्याला म्हणाली, "आवो, गोठ्यापतुर चला की माझ्यासंगं."

टीव्हीवर जंगलात तगून राहायची स्पर्धा रंगली होती. चांगदेवची नजर हलेना. "आता कसा येऊ? ही पोरगी बघ, हातात साधी काठी न्हाई आन् एकटी जंगलात शिरलीय. जिगर पायजे, जिगर!"

साळुबाई तणतणत बॅटरी घेऊन एकटीच गेली. दाव्यात अडकलेला वासराचा पाय सोडवून, जीव मुठीत धरून पळत आली, तर दाराला आतून कडी. तिनं दार बडवलं.



"जाहिरात लागली की उघडतो," आतून चांगदेव ओरडला, "आन् तवर तिथं उभी राहू नको, बिबट्या हाय!"