बायांकडचं शूटिंग

कंप्युटरच्या कॅबिनेटमधला पंखा फिरत होता, दिवा लागत होता, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. यास्मीननं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"लागलं का?" पडद्याबाहेरून तिच्या नवऱ्यानं, इब्राहीमनं विचारलं. सकाळपासून हेच विचारून त्यानं तिचं डोकं उठवलं होतं. त्यात हात सारखा शर्टाच्या खिशावर, जसा काही खिसाच पळून जाणार होता.

नवं ग्राफिक कार्ड त्यानंच बसवलं होतं. यास्मीन म्हणाली होती, आज फिल्म देऊन टाकू, कार्ड उद्या बसवा. पण ऐकेल तो इब्राहीम कसला. जवळा बाजारच्या शिवारातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी याच्या हातानं दुरुस्त होतात, मग कंप्युटर काय जड? कार्ड बसलं आणि कंप्युटरही बसला.

सिमरनच्या लग्नाची फिल्म तयार होती, फक्त पेन ड्राइव्हमध्ये घालायची राहिली होती. संध्याकाळच्या गाडीनं सिमरन हैदराबादला सासरी निघणार होती. तिचा भाऊ मुबश्शीर फिल्म न्यायला येऊन ओसरीवर बसला होता. शेजारी हिंगोलीहून धावत आलेला कंप्युटरवाला नरसिंग. तिघे बाप्ये बाहेर, यास्मीन एकटी आत, आणि मध्ये पडदा.

कारण फिल्म बायांकडची होती. हळद, मेंदी, गाणी, डोईवरचा पदर सोडून नाचणाऱ्या मावश्या. हे शूटिंग बाईनंच करायचं, बाईनंच कापून जोडायचं, पुरुषाची नजर त्यावर पडू द्यायची नाही, अशी या घरांमधली रीत. आसपासच्या गावांत हे काम करणारी यास्मीन एकटीच. ती या कामात पडली तीही रागानं. तिच्या स्वतःच्या लग्नाची सीडी आली, तिच्यात बिर्याणी खाणारे पुरुष होते, नवऱ्याचे मित्र होते, फुलांनी सजवलेली जीप होती. नवरी कुठंच नव्हती. बायांकडचं काही काढलंच नाही, असं सासरच्यांनी सांगितलं. तो सल तिच्या मनातून कधी गेला नाही.

"कार्ड काढून परत दाबा, भाभी," नरसिंग बाहेरून सांगत होता. "टक् असा आवाज आला पायजे."

तिनं दाबलं. टक् झालं. पॉवरची वायर बघितली, घट्ट होती. रॅम काढून ओढणीनं पुसली, परत बसवली. यंत्राच्या पोटात ती पहिल्यांदाच हात घालत होती. स्क्रीन काळीच.

नरसिंगनं हात टेकले. "भाभी, ही आंधळी कोशिंबीर किती खेळायची? मला एकडाव बघू द्या."

"अन् मधीच चालू झालं तर? स्क्रीनवर समोरच सिमरनच्या हळदीचे फोटो हायेत."

मुबश्शीर वैतागून उठला. "बघू द्या की, आपा. गाडी निघून जाईल. आमची परवानगी हाय."

"जबान मी बायांना दिली, मुबश्शीर. तू कोण परवानगी देणारा?"

ती बोलून गेली खरी. आता इब्राहीम ओरडणार, असं तिला वाटलं. पण त्यानं मुबश्शीरलाच खाली बसायला सांगितलं. फिल्मशिवाय सिमरन गेली तर तीही आपल्यासारखीच, स्वतःच्याच लग्नात कुठंच नसलेली नवरी. यास्मीनला रडू यायला लागलं.

तिनं कॅबिनेट फिरवलं. मागून हात फिरवताना बोटांना काहीतरी लागलं.

"नरसिंगभाऊ, नव्या कार्डाला मागं काळे बूच हायेत. ते कशाचे?"



"बूच काढलेच न्हाईत?" नरसिंग म्हणाला. "मग स्क्रीनची वायर कुठं लावली? ती आता नव्या कार्डालाच लावाय लागती."

"जिथं होती तिथंच," इब्राहीमचा आवाज एकदम खाली आला. "नव्या वस्तूचं झाकण काहून काढायचं? धूळ जाती."

या घरात फ्रिजवरची पन्नी अजून तशीच होती. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतच नांदत होता. हसावं की रडावं, यास्मीनला कळेना. तिनं बूच उपटलं, वायर जुन्या जागेवरून काढली आणि नव्या कार्डात खोचली.

स्क्रीन उजळली. हळदीनं माखलेली सिमरन तिच्याकडं बघून हसत होती. यास्मीनचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं पडद्याच्या फटीतून पेन ड्राइव्ह बाहेर गेला, तो घेऊन मुबश्शीर पळत सुटला. नरसिंगही हसत हसत त्याच्यामागं निघाला.

इब्राहीम तिथंच घुटमळत होता.

"उद्या बसवा म्हणलं होतं ना?" आता तिला राग आवरेना. "एवढी काय घाई होती तुमाला?"

फटीतून त्याचा हात आत आला. तळहातावर इवल्याशा डबीत एक जुनं मेमरी कार्ड होतं.

"सिद्धेश्वर गावच्या हलीमा खालानं काल दिलं. आपल्या लग्नातलं बायांकडचं शूटिंग. तिनंच काढलं होतं. तवा जोडणारी बाई कुणी न्हवती, म्हणून पेटीत कुलूप लावून ठिवलं. मलाबी कालच कळलं. नवं ग्राफिक कार्ड बसवून त्यावर पयलं हेच लागावं, असं वाटलं. उद्यापर्यंत दम निघंना."

यास्मीननं डबी उचलून मुठीत घट्ट धरली.

"आत या," ती कशीबशी म्हणाली.

"न्हाई. खालाला जबान दिलीय," इब्राहीम बाहेरूनच म्हणाला. "तू बघ. अन् कशी दिसत होतीस, तेवढं मला सांग."