माळाचा उपास

“माळाचा उपास मोडू देऊ नकोस, सगुणे. गवत वाळू दे, बी मातीत निजू दे.” सासूबाईंचं हे अखेरचं सांगणं होतं आणि सगुणाने त्यांचा हात हातात घेऊन तसा शब्द दिला होता.

आता ऐन वैशाखात आभाळातली यंत्रं पुन्हा पाऊस पाडत होती. सरकारने उन्हाळाच बंद केला होता. माळावर घाणेरीची गच्च जाळी माजली होती, तिच्या सावलीत कुसळी गवत कुजलं होतं आणि खुरं सडलेल्या मेंढ्या लंगडत होत्या.

“बघा मावशी, तुमच्या उजाड माळाचं जंगल केलं!” पाऊस-केंद्राचे साहेब छत्रीखालून म्हणाले.

“उजाड कुणी सांगितलं तुम्हाला?” सगुणाचा आवाज चढला नाही. तिने समोरच्या टेकाडाकडे बोट केलं. “एवढा तुकडा तरी कोरडा सोडा.”

“लोक पावसासाठी देव पाण्यात ठेवतात, आणि तुम्ही ऊन मागताय?” साहेब हसले.

“मी एकादशी धरते, साहेब. कुणी माझं तोंड उघडून घास कोंबला, तर त्याला मी अन्नदाता म्हणू? हे गवत उपासावर जगत होतं. तुम्ही त्याला खाऊ घालून मारलंत.”

“तक्रार ऑनलाइन करा,” म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

टेकाडावर कुसळीचे थोडे ठोंब अजून जिवंत होते. सगुणाने आपल्या राहत्या पालावरची ताडपत्री सोडली, घडी करून डोक्यावर घेतली आणि भिजत टेकाडाकडे निघाली.