तिकडे कुणाला कळतंय!

चाकणच्या छोट्या कारखान्यांना आपली ड्रॉइंग्ज कुलूपबंद करून पाठवता यावीत म्हणून मारुंजीच्या दिग्विजयनं टोपणनावानं एक फुकट सॉफ्टवेअर बनवलं. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड जगात कुणीही उघडून वाचावा. एन्क्रिप्शनची पद्धत मात्र एका अमेरिकन कंपनीच्या पेटंटमधली होती आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढं विसरायला नको म्हणून त्यानं कोडमध्येच मराठीत टीप लिहून ठेवली, "ही पद्धत ढापलेली आहे, सवडीनं बदलू. तोवर तिकडे कुणाला मराठी कळतंय!"

सवड काही झाली नाही. एके दिवशी ईमेलवर नोटीस आली, की सॉफ्टवेअर ताबडतोब काढा, नाहीतर कोर्टात भेटू. पुरावा म्हणून तीच टीप इंग्रजी भाषांतरासकट जोडली होती. दिग्विजयच्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात त्याचा रूममेट गणराज हिंजवडीच्या ऑफिसातून पेढ्यांचा पुडा घेऊन नाचतच आत आला.


"तोंड गोड कर, भावा, प्रमोशन झालं! कुणा येड्यानं आमच्या कंपनीचं पेटंट ढापून वर मराठीत कबुली लिहून ठेवलेली, अमेरिकनांच्या अख्ख्या टीममध्ये वाचता आली ती मला एकट्याला!"